तिकीटबाईंची तीन रोपं

आमच्या गल्लीत त्यांना कोणी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. कोपऱ्यावरचं टॉकीज चालू होतं तोवर तिकीटखिडकीच्या मागे त्याच बसायच्या, म्हणून तिकीटबाई. ती खिडकी इतकी ठेंगणी होती की आतून माणसाचं तोंड दिसत नसे, नुसते हात दिसत. टॉकीजचं गोदाम झालं, तरी समोर कोणी आलं की बाईंची नजर आधी हातांकडे जायची. बोलणं मोजकं. त्यांचे यजमान गमतीने म्हणायचे, "आमच्याकडे कायम हाउसफुल्ल. आत शब्दाला जागा नाही."

यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर आणि घरामागे परस. दिवसभर डोळ्याला भिंग लावून वाकलेला हा माणूस संध्याकाळी परसात जाऊन टोमॅटोच्या रोपांपुढे तसाच वाकून बसायचा. टोमॅटोही साधे नव्हते. मुठीपेक्षा मोठे, चपटे, भोपळ्यासारख्या फाका असलेले, पिकल्यावर लाल न होता गुलाबी होणारे. साल एवढी पातळ की बाजारापर्यंत नेईतो फुटायचे, म्हणून ते कोणी विकत नसे आणि त्याचं बी दुकानात मिळत नसे. यजमानांना ते त्यांना घड्याळाचं काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलं होतं. दरवर्षी पहिल्या घोसातलं सगळ्यात देखणं फळ ते दोरा बांधून बियांसाठी राखायचे. त्या फळाला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

तिकीटबाईंना मातीचं वावडं होतं. चिखलाचे पाय घेऊन आत आलात तर बघा, एवढाच त्यांचा बागेशी संबंध.

हिवाळा सरत आला होता तेव्हा यजमान गेले. साधा खोकला म्हणता म्हणता छाती भरली, हॉस्पिटलात नेलं आणि घरी आणलं ते तसंच. दुकान आवरताना स्प्रिंगांच्या खणात काचेची एक छोटी नळी सापडली. तळाशी चिमूटभर टोमॅटोचं बी. बाईंनी ती नळी पदराला पुसली आणि आवराआवर तिथेच थांबवली.

चूक तिथूनच सुरू झाली. बी थोडं राखून ठेवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी होतं नव्हतं ते सगळं एकाच ट्रेमध्ये पेरलं, खिडकीत ठेवलं आणि मायेपोटी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. रोपं उगवली, दोन पानांवर आली, आणि मग एकेकाची मान काळी पडून ती आडवी व्हायला लागली. बाई सुईएवढ्या काड्यांचे टेकू लावत बसल्या. शेवटी जगली ती तीन. ही तीन गेली की नवऱ्याचे टोमॅटो संपले, हे त्यांना तेव्हा कळलं.

आता शेजाराबद्दल सांगायला हवं. घर मुळात सासऱ्यांचं. ते गेल्यावर त्याच्या वाटण्या झाल्या. अर्ध्यात हे दोघं, अर्ध्यात धाकटा दीर आणि त्याची बायको. परसातही मधोमध तारेची जाळी आली. वाटणीच्या बोलाचालीत शब्दाने शब्द वाढला आणि धाकटी जाऊ बोलून गेली, "मूल ना बाळ, यांना एवढ्या खोल्या कोणासाठी?" तिकीटबाईंनी उलट उत्तर दिलं नाही. त्यांनी त्या दिवसापासून धाकटीशी बोलणंच सोडलं. काही सांगायचं झालं तर दिरामार्फत. दीर बिचारा ट्रक चालवायचा, चार दिवस बाहेर आणि दोन दिवस घरी, आणि त्या दोन दिवसांत दोन्हीकडचे निरोप पोचवून दमून जायचा.

धाकटी बेकरीत भट्टीवर कामाला होती. त्या वर्षी बेकरी बंद झाली. पहाटे उठायची सवय सुटेना आणि हातांना काम नाही, म्हणून तिने जाळीपलीकडे नर्सरीतून आणलेल्या टोमॅटोच्या रांगा लावल्या. नवऱ्याकडून वर पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यांचं छप्पर घालून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःच्या मर्जीचं काहीतरी करत होती आणि त्यात तिचा जीव रमला होता.

उन्हाळा लवकर आला आणि हटायचं नाव घेईना. नळाला पाणी कधी यायचं, कधी नाही. तिकीटबाईंची रोपं कमरेएवढी झाली, पिवळी फुलं आली, आणि दुसऱ्या दिवशी देठापासून सुटून खाली पडली. पुन्हा आली, पुन्हा गळली. बाई भर दुपारी छत्री घेऊन रोपांपाशी उभ्या राहायच्या आणि बादलीने पाणी घालायच्या. पाणी जमिनीला लागलं की वाफ यायची. जाळीपलीकडून धाकटी ते बघायची आणि ओठ घट्ट मिटून आत जायची.

मग एके दिवशी दीर आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "वहिनी, पाणी पहाटे घालतात. आणि वर काहीतरी पांढरं बांधा म्हणजे ऊन मरेल."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, भाऊजी?"

"मला माहीत आहे."

"तुम्हाला आजवर कोथिंबीर आणि गवत यांतला फरक कळला नाही," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

सल्ला कोणाचा ते उघड होतं, म्हणून दोन दिवस त्यांनी तो मानला नाही. त्या दोन दिवसांत आणखी फुलं गेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी यजमानांची पांढरी चादर काठ्यांवर ताणून बांधली. हळूहळू फुलं टिकायला लागली. रोपांच्या मधल्या फांद्यांवर वाटाण्याएवढे हिरवे मणी दिसले, तेव्हा बाई कितीतरी वेळ बोट न लावता नुसत्या बघत बसल्या.

आणि मग हवा फिरली. पाऊस धो धो नव्हता. बारीक, गार, चिकट पाऊस, सकाळी सुरू झाला की संध्याकाळपर्यंत तोच. कपडे वाळेनात, चपलांना बुरशी आली, भिंतींना ओल. तिकीटबाई बियाणांच्या दुकानात गेल्या तेव्हा दुकानदार कोणाला तरी सांगत होता की खालच्या वस्तीत टोमॅटोवर करपा आलाय. पावसात फवारणीही टिकत नाही, ठिपका दिसला की रोप उपटायचं, पिशवीत बांधायचं आणि शेजाऱ्यावर उपकार करायचे. वाऱ्याबरोबर तो एका परसातून दुसऱ्या परसात जातो. बाई काही न घेताच परत आल्या.

आठवडाही झाला नसेल. जाळीला लागून जे रोप होतं त्याच्या खालच्या पानावर त्यांना एक काळपट डाग दिसला, गरम तेल सांडल्यासारखा. पान उलटून पाहिलं तर मागे पांढरी लव. बाईंनी आजूबाजूला पाहिलं, पान खुडलं आणि मुठीत लपवून आत नेलं. चुलीत टाकलं. हात साबणाने तीनदा धुतले.

दुसऱ्या दिवशी दोन पानं. मग फांदीच. रोज उजाडायच्या आधी त्या परसात उतरायच्या, डागाची पानं चाचपून खुडायच्या, ओच्यात लपवून आणायच्या. आपण करतोय ते बरं नाही हे त्यांना कळत होतं. पलीकडे धाकटीच्या रांगा भरल्या होत्या, हिरव्यागार, निरोगी. पण यांच्या रोपांवरची फळं जेमतेम लिंबाएवढी. अजून थोडे दिवस, एवढंच त्या मनाला समजावत राहायच्या.

बेकरीत जन्म काढलेली बाई पहाटे झोपून राहत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"पानं कुठे टाकता?" एका पहाटे जाळीपलीकडून आवाज आला.

इतक्या वर्षांत धाकटी त्यांच्याशी थेट बोलली नव्हती.

"कसली पानं?"

"जाऊबाई, मी रोज स्वयंपाकघरातून बघते. करपा आहे तो. रोपं उपटा. नाहीतर माझीही जातील."

"फळं कच्ची आहेत."

"असू देत. नर्सरीत दुसरी मिळतील."

"ही नाही मिळत." बाईंचा आवाज नको तितका चढला होता. त्यांनी तो खाली आणला. "बी संपलंय. ही पिकली तर पुढे बी. नाहीतर नाही."

"सगळंच पेरलंत?" धाकटीने विचारलं.

"सगळं."

धाकटी आत गेली. संध्याकाळी दीर निरोप घेऊन आला. दोन रोपं राहू देत, ती वाट बघेल. पण जाळीजवळचं रोप कामातून गेलंय, त्याच्यावर फळही धड नाही, ते तेवढं काढा. बाई म्हणाल्या, एकही काढणार नाही. दीर खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. निघताना म्हणाला, "वहिनी, ती रागाने नाही सांगत." बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दीर ट्रक घेऊन गेला. त्याच दिवशी दुपारनंतर वादळ आणि गारा येणार असं रेडिओवर सांगायला लागले. पाऊस थांबला होता, पण हवेत असा उकाडा दाटला होता की श्वास जड व्हावा. पश्चिमेला आभाळ जांभळं झालेलं. बाई हार्डवेअरच्या दुकानात ताडपत्री घ्यायला धावल्या. ताडपत्र्या संपल्या होत्या. सगळं गाव तिथेच लोटलेलं. त्यांना नुसता नायलॉनचा दोर मिळाला. तो छातीशी धरून त्या घरी आल्या, मागचं दार उघडलं, आणि जागच्या जागी थिजल्या.

जाळीची कड उचकटलेली होती. त्यांच्या वाफ्यात धाकटी उभी होती. जाळीजवळचं रोप मुळासकट गेलं होतं, आणि तिच्या पायाशी तोंड बांधलेली काळी पिशवी होती.

बाईंच्या हातातून दोर पडला. पुढचं सगळं आमच्या गल्लीने ऐकलं, कारण तिकीटबाईंचा चढलेला आवाज आम्ही जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. "खोल्या नाही मिळाल्या म्हणून हे का? त्यांचं एवढंच राहिलं होतं. तेही उपटलंस."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. ती मागे सरली नाही.

"मला हवं ते बोला, पण नंतर," ती म्हणाली. "हे मेलेलंच होतं. दुसऱ्याच्या खोडाला डाग चढायला लागलाय, बघा इथे. ती दोन वाचवायची असतील तर आता हा पत्रा धरा."

तेव्हा बाईंनी पाहिलं. धाकटीने आपल्या रांगांवरच्या छपरातला सगळ्यात मोठा पत्रा सोडवला होता आणि जाळीवरून अर्धा अलीकडे ढकलला होता. तिची रोपं आभाळाखाली उघडी पडली होती.

"तुझ्यावर काय घालणार?"

"काही नाही. माझी परत आणता येतात. धरा ना, जाऊबाई."

बाईंनी पत्रा धरला.

काठ्यांवर तो टेकवून दोराने बांधायचा होता. एक कोपरा बांधून झाला आणि वारा आला. असा आला की गल्लीतली पत्र्याची दारं एकदम वाजली, कोणाची तरी बादली घरंगळत गेली. दुसरा कोपरा बांधायला वेळच मिळाला नाही. पत्रा पतंगासारखा वर उडायला लागला. दोघी त्याच्या सुट्या कडेला लोंबकळल्या. पहिली गार बाईंच्या खांद्यावर बसली, मग पत्र्यावर एक, दोन, आणि मग मोजता येण्यापलीकडे. आवाज इतका की धाकटी काय ओरडते ते ऐकू येईना. ओठांच्या हालचालीवरून बाईंना कळलं, ती म्हणत होती, सोडू नका.

पत्र्याच्या कडेवर धाकटीचे हात बाईंच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होते. मनगटापर्यंत भट्टीच्या जुन्या भाजण्याचे डाग, एकावर एक. बोटांच्या पेरांवर गारा बसत होत्या आणि एका पेरातून रक्त यायला लागलं होतं. तरी तिने पकड सैल केली नाही.

मधली काठी मोडली. पत्रा एका अंगाला कलला आणि एका रोपाला घेऊन खाली बसला. बाईंनी खोड मोडल्याचा आवाज ऐकला, निदान त्या तसं सांगतात, कारण त्या गोंगाटात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मग दोघी उरलेल्या रोपावर वाकल्या आणि त्यांनी पत्रा पाठीवर ओढला. खाली चिखलात गुडघे टेकून, डोक्याला डोकं लावून त्या वादळ सरेपर्यंत बसून राहिल्या.

सगळं शांत झालं तेव्हा परस पांढरं झालं होतं. धाकटीच्या रांगांची नुसती देठं उभी होती, पानांच्या चिंध्या झालेल्या, फळं फुटून चिखलात मिसळलेली. धाकटीने तिकडे पाहिलं, एक पाऊल टाकलं आणि मटकन खाली बसली. ती रडली नाही. बाई तिच्यापाशी गेल्या. त्यांनी तिचा रक्ताळलेला हात आपल्या पदरात गुंडाळला आणि तिला उठवून स्वयंपाकघरात नेलं. वाटणीनंतर धाकटी त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा येत होती.

हाताला पट्टी बांधून झाल्यावर दोघी पुन्हा बाहेर गेल्या. शेवटच्या रोपाच्या खोडावर काळा पट्टा फळांच्या घोसापर्यंत पोचला होता. आता ते ठेवण्यात अर्थ नव्हता, हे बाईंना स्वतःलाच कळलं. त्यांनीच कात्री मागितली. मोडलेल्या रोपावरची आणि उभ्या रोपावरची मिळून जेवढी फळं शाबूत होती तेवढी काढली. सगळी हिरवी, दगडासारखी. मग दोन्ही रोपं त्यांनी आपल्या हाताने पिशवीत घातली.

"एक कापून बघू," धाकटी म्हणाली. "बी सुरीखाली कापलं गेलं तर कोवळं. सुरीला चुकवून बाजूला सरकलं तर तयार."

सगळ्यात लहान फळ घेतलं. सुरी फिरली. आतलं बी दोन तुकडे होऊन पात्याला चिकटलं. पांढरं, दुधाळ.

दुसरं कापायची दोघींचीही छाती झाली नाही.

फळं बेकरीच्या एका जुन्या पत्र्याच्या ट्रेमध्ये कागदात गुंडाळून ठेवली, लवकर पिकावीत म्हणून सोबत एक पिकलं केळं. ट्रे बाईंच्या कपाटात. मग रोज सकाळी धाकटी यायची आणि दोघी कागद उलगडायच्या. रोज कुठल्या तरी फळावर तपकिरी डाग निघायचा आणि ते बाहेर जायचं. ट्रे रिकामा होत चालला. फारसं बोलणं व्हायचं नाही. एकदा धाकटी कागदाची घडी घालता घालता म्हणाली, "वाटणीच्या वेळचं ते बोलणं माझ्या तोंडून जायला नको होतं. त्या रात्रीच मला कळलं होतं. मग दिवस गेले आणि तोंड उघडायची हिंमत झाली नाही."

बाईंनी हातातलं फळ उजेडात फिरवलं. "लागलं होतं," त्या म्हणाल्या. "फार लागलं होतं." मग त्यांनी ते फळ पुन्हा कागदात गुंडाळलं.

शेवटी एकच फळ उरलं. त्याच्या तळाशी गुलाबी झाक आली होती, आणि देठापाशी नखाएवढा तपकिरी ठिपका. धाकटीचं म्हणणं, अजून एक दिवस थांबू, बी आणखी भरेल. बाई ट्रेसमोर हात मांडीवर ठेवून बसल्या. थांबावं तर कुज आत उतरेल, कापावं तर बी कच्चं निघेल, आणि विचारायला ज्यांच्याकडे जायचं ते नाहीत.

"सुरी दे," त्या म्हणाल्या.

त्यांनी श्वास रोखून अगदी हळू पातं फिरवलं. फळाची दोन शकलं झाली. कुज वरच्या गरापर्यंत आली होती, कप्प्यांत शिरली नव्हती. आणि बी? बी सुरीला चुकवून बाजूला सरकलं होतं, बुळबुळीत, पिवळसर, अख्खं. धाकटीने तोंडावर हात दाबला. बाईंनी सुरी खाली ठेवली आणि पेला पुढे ओढला.

पेल्यात आंबवून, धुऊन, बशीवर वाळवलेलं ते बी हिवाळाभर दोन घरांत दोन ठिकाणी राहिलं. वसंतात अर्धंच पेरलं, धाकटीच्या खिडकीत. कितीतरी दिवस माती तशीच. दीर फेरीवरून आला की आधी ट्रेकडे बघायचा, मग दोघींच्या तोंडाकडे, आणि चहा टाकायचा. बाईंनी आशा सोडली होती. मग एका सकाळी माती एका जागी भेगाळली. अर्ध्यापेक्षा जास्त बी उगवलंच नाही. जे उगवलं ते अशक्त होतं. पण ते जगलं.

रोपं मोठी झाल्यावर तिकीटबाईंनी ती गल्लीत वाटली. एका घरी काही झालं तर दुसऱ्या घरी राहील, एवढं त्या मला म्हणाल्या आणि माझ्या हातात दोन कुंड्या दिल्या. जाळीजवळच्या रोपाचा विषय त्यांनी एकदाच काढला, तोही धाकटीपुढे, माझ्या देखत.

"मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "तरी विचारायला हवं होतं." धाकटीने मान डोलावली.

त्या वर्षीचं पहिलं फळ पिकलं तेव्हा दोघी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मीही होतो. फळ घड्याळवाल्यांच्या वेळचं होतं त्याहून लहान, पण रंग तोच. बाईंनी आधी बी काढून पेल्यात टाकलं, मग फोडी केल्या. एक फोड सावकाश चघळून त्या म्हणाल्या, "त्यांच्यासारखं नाही झालं."

"पहिलंच वर्ष आहे," धाकटी म्हणाली.

तेवढ्यात झाडं हलली. पश्चिमेला आभाळ भरून येत होतं. दोघींनी एकदमच वर पाहिलं. फोडींची ताटली माझ्या हातात देऊन धाकटी सुतळी आणायला धावली, आणि तिकीटबाई पदर खोचून चिखलात उतरल्या.